स्वतःच्या पायाने

माझा भाऊ दारू प्यायचा हे सांगताना मला आता लाज वाटत नाही, वैताग येतो. लाजायचे दिवस गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षीच संपले. लालबागच्या आमच्या चाळीत एकाआड एका खोलीत हेच चाललं होतं, तर लाजायचं कोणाला?

त्याच्या पिण्याचा वैताग होताच, पण त्याहून जास्त वैताग सल्ल्यांचा यायचा. घरात एक दारुडा आहे म्हटलं की अख्ख्या मजल्याला डॉक्टरकी सुचते. कोणी म्हणे गावाला पाठवा, कोणी म्हणे देवाला नवस बोला, कोणी म्हणे चांगला चोपून काढा. समोरच्या खोलीतल्या बाईंनी मला एक पुडी आणून दिली. चहातून द्यायची, त्याला कळू द्यायचं नाही, आठ दिवसांत दारूचा वाससुद्धा नकोसा होतो म्हणाल्या. मी दिली. भावाने चहा पिऊन कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "ते जे काय घालतेस ना, त्याने साखर कमी लागते. जरा वाढव." मी शाळेत शिकवणारी बाई, आणि असले उद्योग केले. आठ दिवसांनी नकोसं काही झालं नाही, पुडी मात्र संपली.

तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मिलमध्ये साच्यांवर होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. वडील लवकर गेले, घर त्याने ओढलं, माझं डी.एड. त्याच्यामुळे झालं. मिल चालू होती तेव्हाही घ्यायचा, पण पगाराच्या दिवशी. बडीशेप चघळत घरी यायचा आणि आईसमोर मान खाली घालून जेवायचा. आईला कळायचं, पण कमावत्या माणसाला कोण बोलतं.

संप सुरू झाला तेव्हा दोन महिन्यांत मिटेल असं सगळे सांगत होते. तो कधी मिटला हे आजतागायत मला कोणी धड सांगू शकलेलं नाही. वहिनी मुलांना घेऊन कोकणात गावाला गेली, कारण तिथे निदान तांदूळ होते. खोलीत आई, तो आणि मी उरलो. आधी तो रोज सकाळी मिलच्या गेटवर जाऊन यायचा. मग गेटपर्यंत जायचा तो वाटेतल्या गुत्त्यापर्यंतच जायला लागला. माझी शाळा सुटायच्या वेळेला त्याला तिथून उचलून आणायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या वर्गातली पोरं ते बघायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर अगदी शहाण्यासारखी बसायची. त्याचाच मला जास्त राग यायचा.

एका मुलाच्या आईने मला परळच्या त्या खोलीबद्दल सांगितलं. जुन्या इमारतीचा तळमजला, बाहेर पाटी: 'कधीही या. चिठ्ठी लागत नाही.' आत एक बाकडं, एक टेबल, पाण्याचा माठ. टेबलापाशी सुती साडीतल्या एक बाई, आधी कुठल्याशा हॉस्पिटलात काम केलेल्या. बाकड्यावर एक निवृत्त जॉबर, म्हणजे मिलमधला मुकादम. ते स्वतः दारू सोडलेले होते आणि आता दिवसभर तिथे बसत. दारू, डोक्याचा त्रास, जीव द्यावासा वाटणं, काहीही असो, माणसाने सरळ आत यावं, अशी ती जागा होती.

"पेशंट कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"घरी. झोपलाय."

"त्यांना यायचंय का?"

"त्याला यायचं असतं तर मी कशाला आले असते?"

बाई म्हणाल्या, तुम्ही आलात ते चांगलंच झालं, बसा, तुमच्याबद्दल सांगा. पण त्यांना ओढून आणू नका. ते स्वतःच्या पायाने आले पाहिजेत.

"दारुडा स्वतःच्या पायाने एकाच ठिकाणी जातो, बाई," मी म्हणाले. "आणि तिथून परत यायला तेही पाय पुरत नाहीत."

जॉबर हसले. "खरं आहे ताई. मी पण तसाच होतो."

"मग तुम्ही इथे कसे आलात?"

"एक दिवस आलो."

एक दिवस आलो. हे उत्तर झालं? मी वर्गात असं उत्तर दिलं असतं तर हेडमास्तरांनी मला घरी बसवलं असतं. मी सरळ उठले. मला काही झालेलं नाही, मी कशाला माझ्याबद्दल सांगत बसू? चपला घालत होते तेव्हा बाई मागून सांगत होत्या, घरच्या घरी काही करायला जाऊ नका, एकदम बंद केली तर... पुढचं मी ऐकून घेतलं नाही. आमच्या घरात दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकायची पद्धत नाही, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे.

मग मेच्या सुट्टीत आमच्या गावच्या मंडळाने त्याची दारू सोडवायचं मनावर घेतलं. मुंबईतल्या गाववाल्यांचं हे मंडळ, त्याचे अध्यक्ष एक काका. गावातल्या कोणाच्या घरी काही बिनसलं की काका नारळ घेऊन हजर. त्यांनी भावाला आंघोळ करून बसायला सांगितलं, देवाच्या तसबिरीपुढे उभं केलं, त्याच्या हातात नारळ दिला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू आज तुझ्या पायाकडे इलां हा. काय चुकला माकला आसात तां पदरात घे. आजपासून तो दारूक शिवलो, तर तू आणि तो काय तां बघून घेवा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. भाऊ नारळाकडे बघत उभा होता. त्याने 'व्हय' म्हटलं की नाही ते मला ऐकू आलं नाही.

मंडळी चहा पिऊन गेली आणि मी दाराला बाहेरून कडी लावली. आई आतून म्हणाली, "देवाक शब्द दिल्यार कडी कित्याक?" मी म्हणाले, देवावर माझा भरवसा आहे, तुझ्या मुलावर नाही. सुट्टी असल्यामुळे मला वेळ होता. मी दाराबाहेर गॅलरीत स्टूल टाकून पेपर तपासायला बसले आणि आईला काही हवं असलं तरच कडी काढत होते.

पहिल्या दिवशी त्याला नुसता घाम येत होता. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की आईला बशी धरून चहा पाजावा लागला, आणि तोही पोटात राहिला नाही. शेजारी येऊन बघून जात होते आणि म्हणत होते, उतरतेय, उतरतेय, आता थांबू नका. मला वाटलं, झालं. इतकी वर्षं सगळे नुसते बोलत राहिले आणि मी दोन दिवसांत करून दाखवलं. खरं सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. दोन्ही हातांची बोटं हवेत जवळ आणायचा, काहीतरी चिमटीत धरायचा, गाठ मारायचा, पुढे सरकायचा आणि पुन्हा तेच. मला कळायला वेळ लागला. तो तुटलेले धागे जोडत होता. साच्यावर धागा तुटला की विणकर असाच पटकन जोडतो, मी लहानपणी त्याला डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं होतं. मध्येच तो कोणाला तरी नावाने हाक मारून साचा थांबवायला सांगायचा. ते नाव त्याच्या शेजारच्या साच्यावरच्या माणसाचं होतं, आणि तो माणूस संपाच्या पहिल्याच वर्षी वारला होता.

ते नाव ऐकलं आणि आईने कपाळावर हात मारला. "तेका भायरचा लागला," ती म्हणाली. बाहेरचं, म्हणजे भूतबाधा. काकांना बोलावणं गेलं. काका आले, बघितलं, आणि म्हणाले की आता इथे काही व्हायचं नाही, गावाला नेऊन देवाला कौल लावायचा. देवाला पाकळ्या चिकटवून विचारायचं, उजवी पडते की डावी त्यावरून पुढचं ठरवायचं. चार वाजता लालबागहून गावाकडे जाणारी एक खासगी गाडी सुटते, त्यात दोन जागा मिळतील.

माझा बाधेवर विश्वास नव्हता. पण मी नाही म्हटलं नाही. डोक्यावर जरा परिणाम झालाय, वहिनी आहे तिकडे, गावची हवा बरी, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला दोन दिवस झोप हवी होती.

आई पिशवी भरत होती तेव्हा मी परळला त्या खोलीत गेले. मदत मागायला नव्हे. त्यांची जिरवायला गेले. दारातूनच म्हणाले, "तुमच्या त्या पायांशिवायच झालं आमचं काम. तीन दिवस थेंब नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कसे आहेत?"

"बरा आहे. जरा बडबडतोय. मेलेल्या माणसांशी बोलतो, हवेत धागे जोडतो. चारच्या गाडीने गावाला पाठवतोय."

बाई उभ्या राहिल्या. रोज इतकी पिणाऱ्याची एकदम बंद केली तर असं होतं, आणि यात माणूस जातो, त्या म्हणाल्या. गावाला पोचणार नाहीत ते. त्या हे सांगत होत्या तोवर जॉबर चपला घालून रस्त्यावर उतरलेसुद्धा होते.

मी पळत गेले. चाळीस वर्षांच्या आतबाहेरच्या शिक्षिकेने लालबागच्या रस्त्यावरून पदर खोचून पळणं काही शोभेचं नव्हतं. गाडीपाशी पोचले तर तिथे वेगळाच तमाशा. ड्रायव्हर भावाला वर घ्यायला तयार नव्हता.

"पिऊन तर्र झालाय. वाटेत ओकेल. खाली उतरवा."

"देवाची आण," आई म्हणत होती, "तीन दिवस थेंब नाय घेतल्यान."

"मावशी, आम्हाला काय कळत नाय काय?"

काका ड्रायव्हरला मंडळाचं नाव सांगत होते. भाऊ दोघांच्या आधाराने उभा होता आणि गाडीच्या खिडकीच्या गजांवर गाठी मारत होता. त्याला उभ्या आयुष्यात लोकांनी कितीदा सांभाळून घेतलं, पिऊन आला तरी दार उघडलं, आणि ज्या दिवशी तो खरोखर प्यायलेला नव्हता त्या दिवशी कोणी मानेना. जॉबर तिथे पोचलेच होते, त्यांनी भावाला धरलं; मी आईच्या हातातून पिशवी ओढली आणि टॅक्सी थांबवली. आई रस्त्यात माझ्याशी भांडली. देवाला विचारल्याशिवाय हॉस्पिटलात न्यायचं नाही म्हणाली. मी तिला टॅक्सीत अक्षरशः ढकललं. आजवर मी आईच्या अंगाला हात लावला तो तेवढाच.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने लांबूनच बघितलं. "दारू प्यायलाय. उतरली की आणा."

"उतरलीय म्हणूनच आणलंय," मी ओरडले.

मग जॉबर पुढे झाले, टोपी हातात धरून हळू आवाजात म्हणाले, साहेब, रोजचा घेणारा आहे, तीन दिवस बंद आहे, अंग तापलंय, भास होतायत. त्यांनी हे आधीही अनेकदा सांगितलेलं असावं. डॉक्टरचा चेहरा बदलला आणि स्ट्रेचर आलं. रात्री बाई येऊन बसल्या. कडी कोणी लावली होती ते त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं.

बारा दिवसांनी तो घरी आला. आईने ठरवून टाकलं होतं की गाडी देवाने अडवली. मी म्हटलं, ड्रायव्हरने अडवली. "ड्रायव्हराक बुदी कोणी दिल्यान?" ती म्हणाली. काकांनाही ते पटलं, आणि गावच्या देवाला नारळ गेला. परळच्या त्या बाईंना किंवा जॉबरला एक पेढासुद्धा कोणाला द्यावासा वाटला नाही. मलाही सुचलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

त्या वेळी बाईंनी मला एकच गोष्ट बजावली होती. आता कधी घरात कोंडू नका, शपथा घालू नका. ते परत पितील, बहुतेक जण पितात. पण कधीतरी स्वतःहून म्हणतील, चल. म्हणाले की त्याच पावली घेऊन या. सकाळ असो, दुपार असो, आम्ही आहोत. ती इच्छा फार वेळ टिकत नाही. मी म्हटलं, हो. यात काय अवघड आहे, असं मला वाटलं होतं.

पाच महिने तो प्यायला नाही. आपला आपण परळला जायचा, जॉबरच्या शेजारी बसून यायचा. काय बोलता रे तुम्ही तिथे, मी विचारलं, तर म्हणाला, काही नाही, बसतो. मग मिल आता उघडतच नाही हे नक्की झालं आणि एका संध्याकाळी तो पुन्हा तोच वास घेऊन आला. पुढे काही वर्षं हेच. कधी परळच्या खोलीत, कधी गुत्त्यात. मग फक्त गुत्त्यात. मी रोज विचारायचे, येतोस का परळला? तो म्हणायचा, आज नको. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी विचारणं सोडलं. माणसाने किती विचारायचं?

आणि मग तो रविवार. त्या वर्षी आमच्या चाळीला पाणी दिवसातून एकदा यायचं, अकराच्या सुमाराला, जेमतेम अर्धा तास, आणि त्या आठवड्यात तेही दोन दिवस आलं नव्हतं. मी खाली नळावर रांगेत होते, आणि माझा नंबर नुकताच लागला होता. तो जिना उतरून आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"परळला. त्या जॉबरकडे."

"आत्ता?"

"आत्ता चल."

मला बाईंचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण मागे बायका उभ्या होत्या, पाण्याची धार बारीक होत चालली होती, आणि याला इतक्या वर्षांत नेमका आत्ताच मुहूर्त सापडला, म्हणून माझं डोकं तडकलं. मी म्हणाले, "पाणी जाईल रे. एवढं भरून घेते, मग जाऊ." तो बरं म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की हात लावला तर लवकर होईल. त्याने भरलेला हंडा उचलला. हात थरथरत होते, निम्मं पाणी पायरीवर सांडलं.

"ठेव तो," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "धड एक काम येत नाही तुला. बाजूला उभा राहा जरा."

त्याने हंडा खाली ठेवला आणि बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. मी दोन खेपा केल्या तोवर तिथेच होता, माझ्याकडे बघत नव्हता. तिसरी खेप करून खाली आले तर नव्हता. मी चाळीच्या तोंडाशी जाऊन डावी-उजवीकडे पाहिलं. कुठे गेला असेल ते मला माहीत होतं, आणि मी गेले नाही. वीस मिनिटं कळ काढता आली नाही याला, असं पुटपुटत मी उरलेली कळशी भरली. संध्याकाळी तो नेहमीसारखा आला.

त्यानंतर तो तीन वर्षं होता. मी पुन्हा रोज विचारायला लागले, नरमाईने विचारायला लागले, रजा टाकून त्याच्या उशाशी बसून विचारलं. तो 'आज नको' असंही म्हणायचा नाही, नुसता कुशीवर वळायचा. लोकांना मी सांगते की लिव्हरने गेला, आणि ते खरंच आहे. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की त्या वेळी कौल लावला असता तर वाचला असता. तिच्याशी वाद घालायला मला तोंड नव्हतं.

त्या रविवारी मी पिंप भरलं, तीन हंडे भरले, दोन कळशा भरल्या. ते पाणी आम्हाला मंगळवारपर्यंत पुरलं.